सहा रात्री, सात दिवस

तिलक नगरात, दातांच्या दवाखान्याच्या वर
माझं एक टेबल, दोन खुर्च्या,
आणि भिंतभर निळा समुद्र,
त्याच्या डाव्या कोपऱ्यामागे पाल राहते.
एकोणीस वर्षं मी अंदमान विकतोय.
गेलेलो नाही.

विचारा काहीही.
नीलच्या दगडी कमानीखाली जायचं तर ओहोटी बघून,
नाहीतर लांबूनच नमस्कार.
बारातांगला खारफुटीत बोट शिरली की मान खाली,
फांद्या टोप्या उचलतात.
पोपटांच्या बेटावर थवे उतरताना बघायचे तर चहा सोडून उठा,
तिकडे दिवस आपल्याआधी मावळतो,
हे मी प्रत्येकाला दोनदा सांगतो.
चिखलाचा ज्वालामुखी बघून लोक म्हणतात, एवढंच?
म्हणू द्यायचं.
एकच जागा माझी लंगडी: चौथा दिवस, रात्र मोकळी.
तिथे गिऱ्हाइकाचं बोट थांबतं,
आणि मी घाईने नाश्त्याचं सांगायला लागतो.

कुमुद मुंगी आल्या त्या छत्री टेकत.
बत्तीस वर्षं भूगोल शिकवलेला.
म्हणाल्या, बेटाची व्याख्या मी पोरांकडून घोकून घेतली,
चहूबाजूंनी पाणी, दोन मार्क.
आता जाऊन तपासते.
एकटीला दीडपट पडेल, मी म्हटलं.
त्यांनी रुमालाची गाठ सोडली,
नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
आणि पावतीवरच्या माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका
माझ्याच पेनाने दुरुस्त केल्या.

परत आल्या त्या टूरची केशरी टोपी घालूनच,
नाक सोललेलं.
समुद्र कसा, तर सिरपूर तलावाचे काठ
कोणी रात्रीतून पळवून नेले तर तसा.
राधानगरची वाळू आपल्या बारीक शेवेहून बारीक,
दातांत मात्र तशीच अडकते.
रॉसवर हरीण आलं, पिशवी हुंगून गेलं,
तिच्यात इथून नेलेली लसणाची शेव होती.
काचेच्या तळाच्या बोटीत शेजारची बाई
सगळा वेळ सुनेशी भांडली, फोनवर,
आणि खाली मासे, पिवळे, जांभळे,
आपापल्या कामाला चाललेले.

मग फोटो. माझ्या भिंतीवरचेच सगळे,
फक्त प्रत्येकात एक छत्री.
एक आला पूर्ण काळा.
हा चुकून निघालाय, काढून टाकू? मी विचारलं.
राहू दे, त्या म्हणाल्या, चौथ्या दिवसाचा आहे तो.

रात्री झोप येईना, जेट्टीवर गेले.
नाववाला पोरगा, तेराएक वर्षांचा,
म्हणाला, बाई, हात घाला पाण्यात.
घातला.
बोटं हलवली की पाणी उजळायचं,
थांबवली की विझायचं.
चंद्र नव्हता हो. दिवा नव्हता.
मी किती वेळ तशी ओणवी बसले होते देव जाणे,
पोरगा घरी जाऊन जेवून आला.
चहूबाजूंनी पाणी, हे बरोबरच होतं.
पण...
आणि त्यांनी चहा संपवला,
बशीतला थेंबसुद्धा,
आणि जिना उतरून गेल्या,
टोपी टेबलावर विसरून.

रात्री घरी लाईट गेलेली.
मोरीत बादली भरलेली होती,
नर्मदेचं पाणी, एक दिवसाआड येणारं,
सत्तर किलोमीटर चढून आलेलं.
मी बाही सारली. कोपरापर्यंत हात घातला.
हलवला. थांबवला.
बोटं पसरून पुन्हा हलवला.
काळं पाणी, गार,
प्लास्टिकला नख लागल्याचा आवाज.

हेमलता दारात काडेपेटी घेऊन उभी.
काय शोधताय अंधारात? साबण?
हो, म्हटलं.
काडी नको ओढूस.
जरा थांब.